बेटावरची मालकीण

धाकटा : ताई, तू फक्त सही कर. समजून घ्यायची काही गरज नाही.

ताई : जन्मभर पोरांना सांगत आले, न समजता पुढचं गणित सोडवायचं नाही. आता तुझ्यासाठी उलटं करू का? साहेब, तुम्ही सांगा. पहिलीतल्या पोराला सांगावं तसं.

सल्लागार : अगदी सोपं आहे, बाई. दूर समुद्रात एक छोटं बेट आहे. तिथे आपण कंपनी काढलीय. शेठचा हा गाद्यांचा कारखाना, जागा, यंत्रं, सगळं ती कंपनी घेतेय.

ताई : बेटावर गाद्या खपतात?

सल्लागार : नाही नाही. गाद्या इथेच बनणार, इथेच विकल्या जाणार.

ताई : मग कंपनी तिकडे काय करणार?

सल्लागार : असणार.

ताई : नुसतीच?

सल्लागार : तेच तिचं काम. एका इमारतीत एक खोली आहे, तिच्या दारावर आपली पाटी.

ताई : आपली एकटीची खोली?

सल्लागार : तसं नाही. बऱ्याच कंपन्या आहेत. दारावर पाट्या मावेनात, म्हणून हल्ली कपाटात ठेवतात.

धाकटा : ताई, खाली टेम्पो उभा आहे माझा. किती वेळ लावशील?

ताई : बाळ्या, मध्ये बोलू नकोस.

धाकटा : साहेबांसमोर बाळ्या म्हणू नको गं.

ताई : बरं. तर साहेब, त्या खोलीत बसतं कोण?

सल्लागार : बसत कोणी नाही. भाड्याचा एक संचालक आहे. आधी पर्यटकांना पोहायला शिकवायचा, आता कंपन्यांचा संचालक झालाय. मालक लिहून कळवेल तिथे सही करतो.

ताई : स्वतःचं डोकं नाही वापरत?

सल्लागार : त्याचे पैसे आपण देत नाही.

ताई : हे बरं आहे. आणि मालक कोण?

सल्लागार : तुम्ही.

ताई : मी?

धाकटा : नावापुरती गं. मला कुठेच माझं नाव नकोय.

ताई : लंबूच्या दाव्यामुळे ना?

धाकटा : तो विषय आता कशाला?

ताई : साहेबांना माहीत असावा म्हणून. साहेब, लंबू म्हणजे खाली फोम कापतो तो. पात्यावरची जाळी यानं काढून ठेवली, का, तर जाळीनं काम हळू होतं. लंबूची दोन बोटं गेली. आता कोर्ट भरपाई द्यायला सांगेल, तेव्हा याच्या नावावर एक उशीसुद्धा सापडायला नको. बरोबर सांगतेय?

सल्लागार : आम्ही त्याला मालमत्तेचं संरक्षण म्हणतो.

ताई : आणि बोटांच्या संरक्षणाला जाळी म्हणतात. ती स्वस्त पडली असती.

धाकटा : टोमणे मारून झाले असतील तर पेन घे.

ताई : तुझ्या बायकोला का नाही केलंस मालकीण?

धाकटा : ती शंभर प्रश्न विचारते.

ताई : आणि मी?

धाकटा : तू विचारतेस, पण तुला यातलं कळत काय? तू आपली शाळेतली. सांगितलं तिथे सही करशील, घरी जाऊन झाडांना पाणी घालशील. म्हणून तर तुझ्यावर विश्वास.

सल्लागार : तरी मी शेठना म्हटलं होतं, बाईंकडून दोन ओळी लिहून घ्या, की खरे मालक तुम्ही. सगळे घेतात तसं.

धाकटा : आणि उद्या धाड पडून त्या दोन ओळी सापडल्या तर? माझं नाव जगातल्या कुठल्याच कागदावर नको.

सल्लागार : मी आग्रह केला होता, एवढं लक्षात असू द्या.

ताई : आण ते पेन. कुठे करू?

सल्लागार : इथे. आणि या पानावर. हा शेवटचाच कागद, बाकी सगळं झालेलं आहे.

(ताई चष्मा पुसते, सावकाश दोन्ही सह्या करते आणि पेनाला टोपण लावते.)

धाकटा : सुटलो बाबा. एवढंसं काम, केवढा घोळ.

ताई : थांब, उजळणी राहिली. साहेब, आता कारखाना कोणाचा?

सल्लागार : कंपनीचा.

ताई : कंपनी कोणाची?

सल्लागार : तुमची.

ताई : आणि हा म्हणाला, माझी आहे, तर?

सल्लागार : तर त्यांना ते सिद्ध करावं लागेल.

ताई : कसं करायचं?

सल्लागार : कोर्टात उभं राहून सांगायचं, की लंबूला भरपाई द्यावी लागू नये म्हणून मी बहिणीला पुढे केलं.

धाकटा : अहो, तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलताय?

सल्लागार : तसं नाही, भाऊ. माझी फी कंपनी देते, आणि कंपनी मॅडमची आहे. मॅडम, चहा सांगू का?

ताई : नको. त्या पोहणाऱ्याला लिहा. मालकीण म्हणते, पात्याला जाळी बसेपर्यंत यंत्र चालणार नाही. आणि लंबूची भरपाई कोर्टाची वाट न बघता द्यायची. तो करेल ना सही?

सल्लागार : विचारणारसुद्धा नाही.

धाकटा : ताई, चेष्टा पुरे. ऑर्डर अडकलीय माझी.

ताई : अडकू दे. कारखाना काढून घेणार नाहीये मी तुझा. चालव, पोट भर. फक्त जाळी लावून.

धाकटा : सख्ख्या भावापेक्षा तो लंबू जवळचा झाला तुला?

ताई : त्याची पोर येते माझ्याकडे, संध्याकाळी, बेरीज शिकायला. बोटांवर मोजते. स्वतःची पुरली नाहीत की बापाची मोजायची तिला सवय.

धाकटा : मग?

ताई : परवा घरून गणितं सोडवून आणली होती. सगळी दोननं चुकलेली. लाल पेन हातात होतं, पण खोडवेना रे.