नुसतं हं म्हण

(परदेशात भाड्याने घेतलेली एकच खोली. नवरा गोदामातून नुकताच आलाय. बायको टेबलाशी, समोर संशोधनाचा अहवाल.)

ती : बूट राहू देत. आधी इथे बस.

तो : ओके.

ती : ओके नको. मराठीत बोल.

तो : का? घरात फक्त इंग्रजी, हा नियम तुझाच ना? मराठी बोललं की तुझं इंग्रजी बिघडतं म्हणून.

ती : मोडला नियम. मॅडमनीच मोडायला लावला.

तो : तुझ्या गाईडनी?

ती : हो. अहवाल वाचला त्यांनी. म्हणाल्या, वाक्यं चोख आहेत, पण आत कोणी राहत नाही. सोमवारी समितीसमोर हेच वाचलंस तर मी काही करू शकणार नाही.

तो : म्हणजे काढतील तुला?

ती : संशोधन बंद, शिष्यवृत्ती बंद. गाशा गुंडाळायचा.

तो : गाशा तरी काय आपला, दोन बॅगा. बरं, आणि मराठीचं काय?

ती : घरी कुठली भाषा बोलतेस, असं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, घरीसुद्धा इंग्रजीच. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या स्वतः बाहेरून आलेल्या. कच्चं सगळं अजून आईच्या भाषेत बोलून बघतात म्हणे, आणि पक्कं झालं की मग इंग्रजीत मांडतात. म्हणाल्या, दोन भाषा आहेत तर एक कुलपात का ठेवलीस? घरी जा आणि कोणाला तरी सगळं तुझ्या भाषेत सांग.

तो : आणि ते कोणीतरी म्हणजे मी.

ती : दुसरं आहे कोण इथे?

तो : वा. तुला नको होती तेव्हा मराठी बंद, आता हवी तर चालू. मी काय नळ आहे?

ती : चिडू नकोस रे.

तो : चिडायला त्राण कुठंय. मेडिकलच्या दुकानात मला सगळे रेडिओ म्हणायचे, आठवतं? औषध घेऊन झालं तरी म्हातारी माणसं काउंटरला रेंगाळायची, माझं ऐकायला. इथे दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावतो. येस, नो, ओके. घरी आलो की पुन्हा तेच. परवा आईने फोनवर विचारलं, भांडलात का रे? आता तिला काय सांगू, भांडायलासुद्धा भाषा लागते.

ती : मला वाटायचं, तू दमतोस म्हणून गप्प असतोस.

तो : दमतोच. पण म्हणून गप्प नसतो.

ती : (अहवाल मिटून बाजूला सारते.)

तो : असू दे. सांग तुझं. पण मला त्यातलं ओ की ठो कळणार नाही, आधीच सांगतो.

ती : नाही कळलं तरी चालेल. गोष्ट ऐकताना हुंकार देतात ना, तसा दे. नुसतं हं म्हण. समोरून हं आलं नाही की माझी गाडी पुढे जात नाही.

तो : हं.

ती : अजून सुरुवात नाही केली.

तो : मग बूट काढतो.

ती : काढ. तर, चिकणमाती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. तिच्यावर घर बांधलेलं असेल तर भिंतही तडकते.

तो : हं.

ती : माझं म्हणणं, तिच्यात राख मिसळली तर ती कमी तडकते. म्हणून काही डब्यांत नुसती माती भरली, काही डब्यांत राखेची. वाळवली. राखेची खरंच कमी तडकली.

तो : हं.

ती : कारण राख पाणी धरून ठेवते. माती सावकाश वाळते, म्हणून...

तो : हं.

ती : म्हणून... थांब. खिडकीतला राखेचा डबा तर सगळ्यात आधी वाळला होता. आणि तोही तडकला नाही.

तो : हं.

ती : मग सावकाश वाळण्याचा संबंध काय?

तो : मला विचारतेस?

ती : नाही, तू हं म्हण. आधी नुसती माती भरली. ते डबे जुने होते, गंजलेले, कपाटाखाली पडलेले. ते संपले. राखेची पाळी आली तेव्हा नवे मागवले, गुळगुळीत. अरे देवा.

तो : काय झालं?

ती : गंजक्या डब्याला माती चिकटून बसते. तिला आकसायचं असतं, पण डबा सोडत नाही. तडकणारच. नव्या डब्यातून ती अलगद सुटते. राखेने काही केलं की नाही, मला माहीतच नाही.

तो : म्हणजे इतक्या महिन्यांचं काम...

ती : पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून. आणि अख्ख्या अहवालात डब्यांबद्दल अक्षर नाही. इंग्रजीत जेवढं शोभेल तेवढंच लिहीत गेले. तुला सांगायला बसले तर डबे आपोआप आले.

तो : डबे संपले त्या दिवशी तू फणफणत घरी आली होतीस. मी विचारलं, व्हॉट हॅपन्ड? तू म्हणालीस, नथिंग.

ती : हो.

तो : मग आता सोमवारी?

ती : जे आहे ते सांगायचं. चूक माझी, सापडलीही मलाच, सारख्या डब्यांत पुन्हा करते. ठेवलं तर ठेवलं. जेवून इंग्रजीत लिहायला बसते. आता निदान लिहायला काहीतरी आहे.

तो : लिही. मी पडतो जरा.

ती : थांब ना. तुझं सांग.

तो : माझं काय? खोकी.

ती : खोक्यांचं सांग.

तो : काही नाही गं. माझ्या शेजारी एक म्हातारा काम करतो. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. आज डबा खाताना तो एकदम बोलायलाच लागला, त्याच्या भाषेत. सुट्टी संपेपर्यंत बोलत होता.

ती : हं.

तो : एक शब्द कळला नाही. मान हलवत राहिलो. मग तो थांबला आणि माझ्याकडे बघत बसला. म्हणून मीही बोललो, मराठीत. पार मेडिकलच्या दुकानापासून सुरुवात केली.

ती : हं.