डिकीवरचं नाव

—नाही नाही, पिशवी तिथं नका ठेवू, ओलं आहे तिथं. इकडं या, सावलीत. आता बघा डिकीकडं. दिसतंय का काही, मल्हारीभाऊ? नाय ना? थांबा जरा, वाळू द्या. अहो थांबा की, घाई काय आहे एवढी — हं. आलं! आलं का नाही? 'तेजस्विनी.' अख्खं नाव, वेलांटीसकट. पाणी मारलं की गायब, रबिंग पॉलिशचा हात फिरवला की गायब, आणि वाळलं की पुन्हा हजर. सकाळपासून हेच चाललंय माझं. हा पुसायचा बनियन बघा, लाल झालाय पार, गाडीचा रंग निघून बनियनला लागला पण नाव काय हलत नाय. मग म्हणलं वॅक्स लावावं, सगळं चकचकीत झालं की त्या चकाकीत लपेल — कसलं लपतंय, उलट नावच जास्त चमकायला लागलं. दंड भरून आले माझे.

तुम्हीच चिकटवलं होतं ना हे रेडियम? आठवतं का? गाडी नवी कोरी, पूजा झाली आणि तिथून थेट तुमच्या दुकानात. आमची तेजू दुसरीत होती. तुमच्या स्टुलावर उभी राहून ओरडत होती — काका, वाकडं झालं, काका, वाकडं झालं! आणि झालंच होतं वाकडं, तुम्ही हसण्यावारी नेलं. मग धाकटी वेदिका मोठी झाली, तिनं माझं का नाही म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून खाली तिचं. ते ठेवायचंय हां, त्याला हात नका लावू. वरचं तेवढं काढायचं होतं. काढलं मी, हेअर ड्रायरनं गरम करून, नखानं, हळूहळू. रेडियम निघालं हो सगळं! पण एवढी वर्षं गाडी उन्हात उभी, डिकी विटून गुलाबी पडली आणि नावाखाली ऊन पोचलंच नाही. तिथं तो पहिल्या दिवसाचा लाल तसाच. आता कुणाला सांगू आणि काय सांगू? बाहेर पॉलिशला टाकली असती, पण तिथं दहा जण विचारणार, का काढताय, कुणाचं आहे. घरी आपलं आपण.

काढायचं कशाला? — उद्या वेदिकाचा साखरपुडा आहे ना, सायखेड्याला, आमच्या गोरक्षदादांच्या दारात. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांनी सांगितलं, माझ्या अंगणात त्या नावाची गाडी लागता कामा नये, पाहुण्यांना नसती आठवण नको. पाहुण्यांना माहीत आहे सगळं, तरी. तेजूनं कोर्टात लग्न केलं ना, आपल्यातला नाही मुलगा, म्हणून दादांनी तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं — ती आपल्याला मेली. मी तिथंच उभा होतो. मी काय बोलणार? वडील गेल्यावर दादांनीच शिकवलं मला, ओझरला नोकरीला लागलो ते त्यांच्यामुळं. त्यांच्यापुढं तोंड उघडायची सवयच नाही मला. आणि तिचा नवरा, अमोल, तसा वाईट मुलगा नाय — म्हणजे मी कुठं बोललोय त्याच्याशी, पण स्कूटरवरून उतरताना आधी तेजूच्या हातातली पिशवी घेतो — म्हणजे, असं ऐकलंय. कुणाकडून? असंच. सोडा ना.

—थांबा, फोन. दादांचाच. हो दादा. हो, निघालं. हो हो, सगळं. नाय, काय दिसत नाय. सकाळी लवकर पोचतो. हो दादा. हो. — ठेवला. बघितलंत ना? या वयात खोटं बोलायला लागतंय, आणि तुम्ही ऐकताय ते वेगळंच.

आता ऐकलंच आहे तर हळू बोलतो, ही स्वयंपाकघरात आहे. कुणाला बोलू नका. मी जातो सिन्नरला. महिन्यातून एखाद्या वेळी. घरी सांगतो, जुन्या मित्राकडं चाललोय. तेजू तिथं एका शाळेसमोर राहते, पहिल्या मजल्यावर. मी खाली उतरत नाय, हॉर्न वाजवत नाय. रस्त्याच्या पलीकडं गाडी लावतो, डिकी तिच्या गॅलरीकडं करून. मुद्दाम. नाव दिसावं म्हणून. बस, एवढंच. आरशात बघत बसतो. ती कपडे वाळत घालायला येते, गाडी दिसली की एकच टॉवेल झटकत उभी राहते, किती वेळ. ती हाक मारत नाय, मी बघत नाय — म्हणजे आरशात बघतो. मागच्या खेपेला कडेवर पोरगी होती. माझी नात हो! आणि तेजू तिला बोट करून डिकी दाखवत होती. नाव वाचून दाखवत असेल ना? दुसरं काय दाखवणार? मला इतकं रडू आलं की गाडी चालू करून पुढं वळणावर जाऊन थांबलो.

हिला माहीत नाय यातलं. — नसावं. निघताना डबाभर शेंगदाण्याचे लाडू देते, वाटेत खा म्हणते. एवढे लाडू वाटेत कोण खातं, सांगा? मी एक खातो, बाकीचे परत आणतो. डबा उघडून बघते आणि पुढच्या खेपेला पुन्हा भरून देते. आज सकाळी मी रेडियम सोलायला बसलो, तर ही दारात आली, बघितलं, आत गेली. चहासुद्धा विचारला नाय तिनं.

बरं. काढा ते पिशवीतलं नवं रेडियम. सप्तशृंगी माता — केवढं मोठं आणलंत? झाकेल सगळं? झाकेल. — थिनर कशाला काढलं? वॅक्सवर रेडियम धरत नाय म्हणून? नको नको, ठेवा ते, त्यानं रंग जाईल. रंग म्हणजे — तेच हो, नाव. साबणाच्या पाण्यानं पुसा. जोर नका लावू.

एक विचारू? देवीच्या खाली नाव तसंच राहील ना? ऊन लागणार नाय त्याला. राहील म्हणता. हं. पण ते मला ठाऊक आणि तुम्हाला. तेजूला काय? ती गॅलरीत आली की वर देवी आणि खाली एकट्या वेदिकाचं नाव. तिला वाटेल बापानंसुद्धा पुसलं. आणि पुसलंच ना मी? सकाळपासून दुसरं काय करतोय? पुढच्या वेळी गाडी उलटी लावावी लागेल, तोंड गॅलरीकडं करून. मग काचेतून मीच दिसणार. त्या पोरीला बोट करून काय सांगेल ती — कोण आहे म्हणून सांगेल?

चिकटवा तुम्ही. वाकडं लागलं तरी चालेल, आता स्टुलावर उभं राहून सांगणारं कोणी नाय. मी आत जातो. झालं की हाक मारू नका मला. फाटक लोटून घ्या.