पाचपैकी पाच

आमच्या सईची गंमत ऐका. लखनौतच जन्मलेली, मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीत. आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला विषय काय घेतला, तर इथल्या मराठी घरांत मराठी किती बोलतात!

सर्व्हे झाला, लॅपटॉपवर आलेख आला. आमच्या घराचा ठिपका अगदी तळाला. घरात मराठी किती, याला मीच पाचपैकी एक गुण दिला होता, खोटं कशाला? आणि सगळ्यांत वर आलमबागच्या वानखेडे काकू. राहतात एकट्या, आणि पाचपैकी पाच!

"मम्मी, अकेले किससे बोलेंगी? गलती है. हटा देती हूँ."

"काकूंना हटवतेस? आधी फोन कर."

तिने स्पीकरवर लावला. काकू म्हणाल्या, "चूक कसली? दूधवाले भैया येतात, कामवाली येते. मी सगळ्यांशी मराठीतच बोलते. ते हिंदीत उत्तर देतात."

"उन्हें समझ में आता है?"

"न समजायला काय झालं? तुला नाही का तुझ्या आईचं समजत?"

सई अडखळत म्हणाली, "काकू... मी रविवारी येऊ?"

मी उगाचच चहा टाकायला उठले.

आता ती दर रविवारी आलमबागला जाते. काकूंचा ठिपका अर्थातच राहिला. परवा मी तिला सहज म्हटलं, "आपलाही जरा वर सरकव की गं."

तर म्हणते कशी, "असं नाही करता येत, आई. पुढच्या सर्व्हेत बघू."