शिवरामचा दगड

नव्या गाडीच्या ब्रेकचं कौतुक पुरे झालं, आता माझं ऐका. लढाईच्या वर्षांत मी देहूरोडला लष्करी लॉरी चालवायला शिकवायचो. कुरवंड्याचा शिवराम माझ्याकडे शिकायला आला. आयुष्यभर बैलगाडी हाकलेला गडी. पहिल्याच दिवशी त्यानं चढावर चाकामागं लावायचा दगड आणून सीटखाली ठेवला.

“अरे, ही मोटार आहे. हिला ब्रेक असतो. फेकून दे तो दगड!”

“असू द्या उस्ताद. चढाला चाकाचा काय भरवसा न्हाई.”

आठ दिवस रोज हेच. शेवटी माझं डोकं फिरलं. खंडाळ्याच्या घाटात वर येताना स्टिअरिंग मी घेतलं. ऐन चढावर लॉरी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

“बघ! कुठे लागला दगड?”

तेवढ्यात लॉरी मागे सरकायला लागली. पायाचा ब्रेक दाबला, तर तो थेट तळाला टेकला. गिअर पडेना. मागे गुडघाभर कठडा आणि त्याच्यापलीकडे दरी. “शिवराम, उडी मार!” म्हणून ओरडलो आणि बाजूला बघतो तर सीट रिकामी! मनात म्हटलं, पळाला लेकाचा, मला मरायला सोडून.

इतक्यात मागून दणका बसला आणि लॉरी जागच्या जागी थांबली.

मागच्या चाकापासून चालत शिवराम हात झटकत माझ्या खिडकीशी आला.

“उस्ताद, आता फेकू का?”