रंगाचं औषध

एमआरआयच्या दाराशी नर्सबाई अर्ज भरून घेत होत्या. शेजारी आपल्या नंबराची वाट पाहत पुस्तक उघडून बसलेल्या तात्यासाहेबांना ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

“मेंदूचा फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून रंगाचं औषध देणार आहोत. पेशंटचं नाव?”

“योगिनी. सून हाय माझी.”

“फिट कधीपासून येतात?”

“औंदाच्या दिवाळीपासून. लग्नाला दोन वर्सं झाली, त्याआधी कधीच नाय.”

“हे औषध पूर्वी घेतलं होतं?”

“नाय हो. ते आमच्या देवगावात कुठलं आलंय!”

“त्यांना बोलू द्या, मावशी. योगिनी, घेतलं होतं का? काही त्रास झाला होता?”

योगिनी उठली, परत बसली.

“तिला काय इचारता? मी सांगती ना.”

“घेतलं होतं. बारावीत असताना, असाच मेंदूचा फोटो काढला तेव्हा. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला.”

“बारावीत?”

“व्हय, आत्याबाई.”

तात्यासाहेबांनी न वाचलेलं पान उलटलं.

“म्हंजी तुझ्या बापानं आमाला...”

“मावशी, मी काय लिहू?”

“ती सांगती ते लिवा. आधी डाक्टरला दावा. बाकीचं घरी गेल्यावर बघू.”