माणूस आपलं का?

जबाब देणारी: गल्लीत जिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणतात ती. पूर्ण नाव वेगळ्या नोंदीत लिहून दिले आहे. वय चोपन्न. धंदा कपडे दुरुस्तीचा, म्हणजे चेन बदलणे, पँटी आखूड करणे, पडदे शिवणे. राहणार दुकानाच्या वरच्याच खोलीत.

मला कोणी बोलावलेले नाही. आज सकाळी मी माझ्या पायांनी चौकीवर आले आणि साहेबांसमोर बसून सांगते ते असे की, माझे दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे आणि शिलाई मशीन रस्त्याकडे तोंड करून ठेवलेले आहे. येणारा-जाणारा मला दिसतो आणि मी त्याला दिसते. त्यामुळे वीस-बावीस वर्षे ज्याला जे हवे ते लोक मलाच विचारत आले. नळ गळतोय, कोणाला बोलावू? बूट नीट शिवून देणारा कोण? फ्रिज दुरुस्त करणारा, पण न लुबाडणारा, असा कोणी आहे का? मी सांगते. माझे टोपणनाव त्यावरूनच पडले आणि मला ते आवडायचे.

मी उगाच कोणाचेही नाव सांगत नसे. आधी स्वतःच्या घरात काम करून घ्यायचे, ते वर्षभर टिकते का पाहायचे, मगच दुसऱ्याला सांगायचे. माझ्या सख्ख्या मावसभावाने एका म्हातारीच्या भिंतीला एकच हात रंग मारून दोन हात सांगितले. त्या दिवसापासून त्याचे नाव मी कोणाला सुचवलेले नाही. मावशी अजून माझ्याशी बोलत नाही, न बोलू दे. माणूस सुचवताना मी एवढेच म्हणायची, "माझं नाव सांगा." साहेब विचारतात, त्याने काय व्हायचे. त्याने माणूस वेळेवर यायचा आणि काम चोख करायचा, कारण काम बिघडले तर मी गल्लीभर बोभाटा करीन हे त्याला ठाऊक असायचे.

आपण ज्याला आणून आत बसवले आहे त्या किल्लीवाल्याची टपरी माझ्यापासून चार दुकाने सोडून आहे. मी त्याला तो नवीन आला तेव्हापासून ओळखते. तो मला ताई म्हणतो. कागद पाहिल्याशिवाय किंवा शेजाऱ्याला विचारल्याशिवाय तो कोणाचेही दार उघडत नाही. एकदा आमच्या डॉक्टरांची किल्ली दवाखान्यात अडकली, तर समोरचा औषधवाला येऊन "हेच डॉक्टर" म्हणेपर्यंत याने त्यांना त्यांच्याच दारात कडाक्याच्या थंडीत उभे ठेवले. डॉक्टर लालबुंद झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चार जणांना सांगितले की कुलपाला माणूस हवा तर असा हवा.

माझे नाव सांगून कोणी गेले तर मात्र तो कागद मागत नसे. तो मला फोन करायचा आणि एकच वाक्य विचारायचा, "ताई, माणूस आपलं का?" मी म्हणायची, "आपलंच." मग तो काम हातात घ्यायचा. आमचे याहून जास्त बोलणे फोनवर कधी होत नसे.

या प्रकरणातली जखमी बाई बेकरीत केकवर नक्षी काढण्याचे काम करते. वय तिशीच्या आतले असावे. गेल्या वर्षी ती एक पिशवी घेऊन माझ्या दुकानात आली, ती कोटाची बाही शिवून घ्यायला. मी बाही हातात घेतली. शिवण जुनी होऊन उसवली नव्हती, कापड ओढून फाटले होते. एवढे मला कळते, धंदाच तो आहे. पण मी विचारले नाही. लोक माझ्याकडे चौकशा करतात, मी कोणाच्या करत नाही, असे मी मिरवायची.

बाही शिवून होईपर्यंत तिने विचारले की एकटीला खोली मिळेल का. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची खोली मी सांगून मिळाली. बेकरीतले काम मी सांगून मिळाले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि म्हणाली, "ताई, कुलूप बसवायला कोणी आहे का? म्हणजे असा, की बसवून देईल आणि नंतर दुसऱ्या कोणाला उघडून देणार नाही."

मी म्हणाले, "अगं, डोळे मिटून त्याच्याकडे जा. जीव गेला तरी उघडायचा नाही तो. माझं नाव सांग."

त्याने कुलूप बसवले, दोन्ही किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि तिसरी करून ठेवली नाही, असे तिनेच मला येऊन सांगितले. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिले. तेव्हापासून रोज कामावरून येताना ती बेकरीतल्या उरलेल्या पावाची एक पुडी माझ्या मशीनवर ठेवून वर जायची. मी म्हणायची, "माझी साखर वाढवून मारशील मला." ती म्हणायची, "मग मला खोल्या कोण शोधून देणार?"

मंगळवारी एक गृहस्थ कोटाच्या खिशाचे अस्तर शिवून घ्यायला आला. दारातल्या पायपुसण्यावर बूट पुसून आत आला. बोलणे मऊ. म्हणाला, आम्ही इथे नवीनच राहायला आलोय, बायको दिवसभर कामाला असते, ओळखीचं कोणी नाही. मग त्याने चांगला दंतवैद्य विचारला, बूट शिवणारा विचारला, आणि जाता जाता म्हणाला, कधी किल्ली हरवली तर भरवशाचा असा कोणी? मी तिन्ही नावे सांगितली. तो म्हणाला, "ताई, आजकाल अशी माणसं राहिली कुठे? तुमच्या शब्दावर ही गल्ली चालते म्हणतात ते खोटं नाही." मला बरे वाटले. बरे वाटले म्हणजे काय, मी फुगले. त्याचे बटण सैल होते, तेही मी न सांगता घट्ट करून दिले. आणि म्हणाले, "माझं नाव सांगा."

साहेब विचारतात, त्याला आधी कधी पाहिले होते का. नाही. तिने त्याचा फोटो दाखवला होता का. नाही. मी मागितला असता तर दाखवला असता का, हे ते विचारत नाहीत, पण मला वाटते की दाखवला असता.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर मी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा घेऊन बसले होते. किल्लीवाल्याचा फोन आला. मी तो कानाखांद्यात धरला आणि मशीन थांबवले नाही. तो म्हणाला, "ताई, एक गृहस्थ आलेत. तुमचं नाव सांगतात. किल्ली आत राहिलीय म्हणे. माणूस आपलं का?"

मी विचारले, "कोटवाले? गोड बोलणारे?"

"हो, तेच."

"मग आपलंच. दे उघडून. बिचारे उन्हात ताटकळत असतील."

तो म्हणाला, "पण ताई, हे घर तर..."

मी म्हणाले, "अरे, दे ना उघडून! इथं माझा दोरा तुटतोय आणि तू घर कसलं सांगतोयस? मी सांगतेय ना?"

तो म्हणाला, "बरं ताई." आणि फोन ठेवला.

हे मी शब्दाला शब्द सांगितले आहे. माझा फोन मी टेबलावर ठेवला आहे, त्यात नोंद आहे, साहेबांनी पाहावी. घर कोणाचे हे त्याला माहीत होते, कुलूप त्यानेच बसवलेले होते. त्या गृहस्थाने त्याला तिच्याबरोबरचा लग्नातला फोटो दाखवला. तरी तो अडला होता, म्हणून तर त्याने मला फोन केला. ते कुलूप किल्लीशिवाय उघडणारे नव्हते, तोडूनच काढावे लागले. संध्याकाळी नवे आणून बसवतो असे सांगून तो टपरीवर गेला. दार नुसते लोटलेले राहिले. हा सगळा तपशील मला किल्लीवाल्याच्या बायकोने सांगितला, मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही.

त्या दिवशी बेकरीवाली नेहमीपेक्षा आधी आली. पुडी मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "ताई, आज लवकर सोडलं. जरा आडवी होते." मी मान वर न करता "हं" म्हणाले. ती रस्ता ओलांडून गेली. जिना चढताना मी तिला पाहिले नाही. मशीन चालू असल्यामुळे मला काही ऐकू आले नाही.

संध्याकाळी किल्लीवाला नवे कुलूप घेऊन वर गेला. त्यालाच ती दिसली. त्यानेच आरडाओरडा केला आणि त्यानेच तिला रुग्णवाहिकेपर्यंत उचलून आणले. माझ्या दुकानासमोरून नेले. सदर गृहस्थ मिळून आला नव्हता आणि याच्या शर्टाला रक्त होते, हातात हत्यारांची पिशवी होती, म्हणून आपण याला घेऊन गेलात. त्यात आपले चुकले असे मी म्हणत नाही.

शुक्रवारी गल्लीत दुसरा विषय नव्हता. किल्लीवाला फितूर, कुंपणच शेत खाते, असे जो तो म्हणत होता. रात्रीतून कोणीतरी त्याच्या टपरीच्या फळीला काळे फासले होते. सकाळपासून दुकानात रीघ लागली. शिवायला कोणी आले नव्हते. औषधवाल्याची आई म्हणाली, "तुझ्या भरवशावर आम्ही त्याच्याकडून कुलुपं बसवली गं. आता सगळी बदलायची. दुसरा कोणी चांगला सांग की."

त्याने मला विचारले होते, हे एक वाक्य मी कोणालाही बोलले नाही. दिवसभर बोलले नाही. गणवेशाच्या बाह्या उलट्या लागल्या, त्या उसवत बसले.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी किल्लीवाल्याची बायको आली. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "ताई, ते चौकीत सांगतायत की मी कोणाला विचारलंच नाही, माझ्या डोक्यानं उघडलं. मला म्हणाले, ताईंचं नाव यात येता कामा नये. त्यांच्या शब्दावर बारा घरांच्या चुली पेटतात, नळवाला, चांभार, सगळे. तो शब्द गेला तर सगळेच जातील. मी तुम्हाला सांगितलं हेसुद्धा त्यांना कळू देऊ नका." आणि मग म्हणाली, "पण ताई, माझी चूल पण त्या बारांतलीच आहे."

म्हणून मी आले. त्याने खोटे सांगितले आहे ते मला वाचवण्यासाठी. त्याने विचारले होते. नेहमीसारखेच विचारले होते, आणि या वेळी एकदा जास्तच विचारत होता. मी "आपलंच" म्हणाले नसते तर त्याने डॉक्टरांसारखे त्यालाही उभे ठेवले असते. ते दार त्याच्या हाताने उघडले, पण उघडले माझ्या तोंडाने.

मी साहेबांना विचारले की यासाठी मला कोणते कलम लागते. साहेब म्हणाले, तुम्हाला ठाऊक नव्हते, ओळख सांगितल्याबद्दल कलम नाही. मी म्हणाले, नीट बघा, असेल कुठेतरी. ते म्हणाले, नाही. मग मी या बाकावरून उठून जायचे कुठे, हे मला कळत नाही. दुकानात जाऊन मशीन रस्त्याकडे तोंड करून पुन्हा चालू करायचे, हे माझ्याने होणार नाही.

मला आत नेताना किल्लीवाला व्हरांड्यात दिसला. तो चटकन उठून उभा राहिला आणि माझ्यावर ओरडला, "ताई, तुम्ही कशाला आलात इथं?" इतकी वर्षे त्याने माझ्यावर आवाज चढवलेला नव्हता.

जबाब इथपर्यंत आल्यावर टेबलावरचा चौकीचा फोन वाजला. साहेबांनी ऐकून घेतले, फोन खाली ठेवला आणि लिहून घेणाऱ्याला हळू आवाजात काही सांगितले. मी विचारले, रुग्णालयातून का? त्यांनी मान हलवली. वर जेथे 'जखमी बाई' असे लिहिले आहे तेथे आता 'मयत बाई' असे वाचावे. त्या खाडाखोडीशेजारी माझी सही घेतली आहे. पाण्याचा पेला दिला, तो मी घेतला नाही. पावाची कालच्या आदल्या दिवसाची पुडी अजून माझ्या मशीनवर आहे, हे मी सांगितले. साहेब म्हणाले की त्याचा तपासाशी संबंध नाही.

थोड्या वेळाने साहेबांनी विचारले की त्या खोलीचे दार गुरुवारपासून तारेने बांधून ठेवले आहे, पंचनामा झाला आहे, घरमालकाने तगादा लावला आहे, तर कुलूप बसवायला तुमच्या माहितीतला कोणी खात्रीचा माणूस आहे का. लिहून घेणारे म्हणाले, अहो साहेब, त्यांना काय विचारता. पण साहेबांनी सवयीने विचारले असावे. मला सगळे सवयीनेच विचारतात.

मी म्हणाले, "एकच आहे, साहेब. तुमच्या व्हरांड्यात बसलाय. त्याला सोडा आणि सांगा बसवायला. फक्त माझं नाव सांगू नका."

हे लिहायची गरज नाही असे साहेब म्हणाले. मी म्हणाले, लिहा. मग लिहिले. पहिल्या ओळीपासून सगळे मला मोठ्याने वाचून ऐकवले, मध्ये दोनदा थांबून पुन्हा वाचावे लागले. मी सांगितले तसेच उतरले आहे, कमी नाही, जास्त नाही. खाली माझी सही.