हवा काढायला दोघं लागतात

...आणि मान वर न करता तो काउंटरवरचा मला म्हणतो, "काका, ते मॉडेल बंद झालं." अहो, बंद झालं म्हणजे काय? गाडी माझ्या पार्किंगमध्ये उभी आहे, तिला कोणी कळवलं नाही! तुम्हाला सांगतो, मागितलं काय होतं मी? डिझेलच्या फिल्टरवरचा हातपंप, मुठीएवढा. त्याचं रबर फाटलं की लाइनमध्ये हवा शिरते, आणि एकदा हवा शिरली की डिझेल गाडी म्हणजे रुसलेला जावई, कितीही विनवा, जागचा हलत नाही.

पुढच्या दुकानात चेसिस नंबर विचारला. मी पाठच करून गेलो होतो, घडाघडा म्हटला, त्याने कॉम्प्युटरमध्ये टाकला, कॉम्प्युटर विचारात पडला, मला वाटलं आता काहीतरी निघणार... "काका, ते मॉडेल बंद झालं." त्याच्या पुढच्याने आतल्या माणसाला हाक मारली, अरे बाहेर ये, यांच्याकडे अजून ती गाडी आहे! आणि दोघं मलाच बघत उभे राहिले. ऑनलाइन मागवला तर ट्रॅक्टरचा आला, एवढा दांडगा की माझी गाडीच त्याला बसवावी लागली असती. गॅरेजवाला घरी येऊन विचारतो, लॅपटॉप कुठे जोडायचा? म्हटलं, माझ्या डोक्याला जोड.

इकडे मुलगा फोनवर, "बाबा, द्या ना ती भंगारात, मी टॅक्सीचं अ‍ॅप टाकून देतो." अरे, टॅक्सीत बसून जायचं कुणाकडे, तेही अ‍ॅपच सांगणार का? त्याने परस्पर भंगारवाल्याला रविवारी यायला सांगून टाकलं. तोवर चालू झाली तर राहील, नाहीतर गेली. म्हणून ही वणवण, हौस म्हणून नाही... बरं, थोडी हौसही होती. दुकानात शिरलं की कोणीतरी "बोला काका" तरी म्हणतं. आमची ही गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून घरात तेवढंही कोणी म्हणत नाही. एकटं वाटतं हो, फार एकटं वाटतं, त्यात लपवायचं काय?

तर मिळाला! कुठे, माहितीये? त्याच भंगारवाल्याच्या आवारात. माझ्या गाडीची सख्खी बहीण पडली होती तिथे, दारं नाहीत, काचा नाहीत, पण पंप ठणठणीत. भंगारवाला म्हणाला, न्या काका, पैसे राहू द्या, नाहीतरी रविवारी गाडीबरोबर तो इथेच परत येणार आहे. मी पंप पिशवीत टाकला. मनात म्हटलं, ये तर खरा रविवारी, हॉर्न वाजवून निरोप देतो.

घरी आलो, पंप बसवला, नट आवळले, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. हवा काढायला दोघं लागतात! एकाने बॉनेटखाली वाकून पाइपाचा नट सैल करायचा, दुसऱ्याने आत बसून सेल्फ मारायचा. इतकी वर्षं ती बसायची, सीट पुढे ओढून, पाठीला उशी घेऊन. मी बजावायचो, सांगेपर्यंत किल्ली फिरवू नकोस. ती विचारायची, "मारू का?" आणि मी नको म्हणेपर्यंत मारलेला असायचा, की डिझेलची चिळकांडी थेट माझ्या शर्टावर! वर आतून चौकशी, "उडालं का हो?"

काल नट सैल केला आणि सवयीने ओरडलो, "मार!" ...काही नाही. मान वर केली. सीट तशीच पुढे ओढलेली, उशी जागेवर. शर्ट अगदी कोरडा. घरात येऊन तो उगाचच धुवायला टाकला.

उद्या रविवार. तेव्हा म्हटलं, तुम्ही एवढे सगळे ऐकताय, तर कोणी येतं का? पाच मिनिटांचं काम. नुसतं बसायचं, किल्ली फिरवायची. मी सांगायच्या आधी फिरवलीत तरी चालेल, उलट आधीच फिरवा... हं? निघायचंय? हो हो, निघा, उशीर झाला खरा, मी बोलत बसलो की असंच होतं. माझं काय, त्या पार्टच्या दुकानातच फोन लावतो, विचारतो, आत बसून "मारू का?" म्हणणारं माणूस आहे का स्टॉकमध्ये. उत्तर मला पाठ आहे. "काका, ते मॉडेल बंद झालं."